लाल कोपऱ्याची कार्डं

आमचे सर माणसांच्या पायांकडे बघत. मी पहिल्या दिवशी त्यांच्या खोलीत शिरले तेव्हा त्यांनी माझं तोंड पाहिलंच नाही. दारापासून टेबलापर्यंत मी कशी आले ते पाहिलं, गळ्यातलं स्टॉपवॉच दाबलं आणि म्हणाले, "उंबरठ्यावर थबकली नाहीस. छान." मला मदतनीस म्हणून घेतलं की नाही, हे मात्र आणखी पंधरा दिवस कळलं नाही. ते सरांनी ठरवायचं होतं. माणूस निर्णय कसा घेतो हा सरांचा आयुष्यभराचा अभ्यास, पण अभ्यास वेगळा आणि सवय वेगळी.

ही सत्तर सालच्या मागेपुढची गोष्ट. नागपुरात सदरजवळच्या एका कॉलेजात सर मानसशास्त्र शिकवत. शिकवून उरलेला सगळा वेळ ते मैदानामागच्या एका लांबट खोलीत आणि तिच्यापुढच्या व्हरांड्यात घालवत. आत त्यांचा संग्रह होता. 'मनुष्याची हालचाल व निर्णय' अशी पाटी त्यांनी स्वतः रंगवून दारावर लावली होती. कॉलेजातली मुलं त्या खोलीला 'पायखाना' म्हणत. सरांना ते माहीत होतं, आणि नाव अगदीच चुकीचं नाही असं त्यांचं मत होतं.

सरांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. माणूस आधी पायांनी ठरवतो, डोकं मागाहून कारणं शोधतं. रस्ता ओलांडायचा की नाही, या बसमध्ये चढायचं की मागच्या, ही टोपली घ्यायची की ती, हे पाय ठरवून मोकळे होतात. म्हणून माणसाला विचारू नका, त्याची चाल बघा. तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाहीत. हे ते वर्गात, व्हरांड्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही सांगत. ऐकणाऱ्याचे पाय दाराकडे वळलेले त्यांना दिसत असणारच, पण बोलणं काही थांबत नसे.

काम साधं होतं. आम्ही दोघं-तिघं कुठेतरी आडोशाला बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाचं एक कार्ड लिहायचो. माणूस सरळ गेला तर 'स', थबकला तर 'थ', वळला तर 'व'. किती वेळ थबकला, कुठला पाय पुढे होता, हातात काय होतं, हे खाली. कार्डांसाठी कॉलेज कागद देत नसे. मग सरांनी युक्ती काढली. ते लग्नपत्रिका जमवत. एका बाजूनं कोऱ्या असलेल्या पत्रिका पोस्टकार्डाएवढ्या कापायच्या आणि मागं लिहायचं. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना ताकीद होती की लग्न आटोपलं की उरलेल्या पत्रिका सरांकडे पोचत्या करायच्या. त्यामुळे सरांना आमंत्रण न देता पत्रिका मात्र देणारे लोकही बरेच होते. भरलेली कार्डं ठेवायला सदरमधल्या एका चपलांच्या दुकानातून रिकामी खोकी आणलेली. पायांचा अभ्यास पायांच्याच खोक्यात.

मी नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी संत्र्याची बाग, दोन विहिरी आणि सगळ्यांच्या नाकावर राग. तो वारसा मला पुरेपूर मिळाला आहे. मला काहीही ठरवायला मिनिटभर लागतं आणि चुकलं हे मान्य करायला वर्ष लागतं. सर याच्या बरोबर उलट. ते चुकले हे लगेच मान्य करत, पण त्यासाठी आधी काहीतरी ठरवावं लागतं, तिथे घोडं अडायचं.

त्यांची चप्पलच बघा. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. शिवावी की नवी घ्यावी, हे मी आल्यापासून ठरायचं होतं. तोवर सर डावा पाय फरफटत चालत. मैदान ओलांडून ते येऊ लागले की खोलीत आधी तो फरफट आवाज यायचा, मग सर. चालताना ते वाचत, त्यामुळे वाटेतल्या खांबाला, सायकलला, एकदा तर प्राचार्यांना धडकले होते.

घरी सगळे निर्णय काकू घेत. काकू म्हणजे सरांची बायको, ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बोलायला फटकळ आणि वाढायला सढळ. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंना हातभार लावावा म्हणून सरांना विचारलं, पोहे चालतील का. काकू आतून ओरडल्या, "यायले नोको विचारू वं! पोहे का उपमा, याचं उत्तर येईपर्यंत दुपार होते. तू बस, मी करते काय करायचं ते."

संग्रहातलं एक नंबरचं खोकं काकूंचं होतं, म्हणजे काकूंवरचं. लग्न नवं असताना, मदतनीस वगैरे कोणी नसताना, सरांनी एकट्यानं अभ्यास सुरू केला तो काकूंपासून. त्या बाजारात भाजी घ्यायला जात आणि सर चार पावलं मागून पेन्सिल घेऊन. कोणत्या ढिगापाशी थबकल्या, वांगं उचलून परत ठेवलं की नाही, पाऊल कुठे वळलं, सात वर्षांच्या नोंदी होत्या. काकू ही कथा पदर तोंडाला लावून सांगत. "लग्न झालं, आन् हे माह्या मागं मागं फिराले लागले. मले वाटलं, केवढं प्रेम बाप्पा! एक दिवस वळून पाहिलं, तं हाती कागद. मी वांगं घेतलं, यायनं लिहून घेतलं." सर तेव्हा भिंतीकडे बघत बसत आणि त्यांचे कान लाल होत.

सरांना मी एकदा आमच्या गावीही नेलं. बाग पाहायला व्यापारी येणार होता. व्यापारी झाडाझाडांतून फिरतो, बहर बघतो, नाक मुरडतो, माल बारीक आहे म्हणतो आणि मग भाव सांगतो. सरांना ते बघायचं होतं. बांधावर बसून त्यांनी कार्डांमागून कार्डं लिहिली, आणि शेवटी मोठ्या उत्साहानं माझ्या वडिलांना सांगितलं की व्यापाऱ्याचे पाय उत्तरेकडच्या झाडांपाशी जास्त थबकले. वडील शांतपणे म्हणाले, "हाव नं. तोंडानं तो नाईच म्हनते. पन ज्या झाडापाशी तो तंबाखू मळाले थांबला, तिथं त्याचा जीव अडकला. आमी तेच पाहतो." सरांनी हे वाक्य जसंच्या तसं कार्डावर लिहून घेतलं. रात्री जेवताना वडिलांनी मला हळूच विचारलं, "काहून वं पोरी, येवढं पाहाले सरकार मास्तर ठेवते काय?"

पुढची तीन वर्षं मी गावी जाऊन बागांतली कार्डं लिहिली. तीन खोकी झाली. सरांच्या संग्रहात ती माझी, म्हणजे माझ्या अक्षरातली. त्या खोक्यांचा मला किती अभिमान होता, ते मी त्या काळी कोणाला कळू दिलं नाही. आता सांगायला हरकत नाही.

आता सदरचा गोंधळ. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सदरच्या एका चौकात लोक रस्ता कसा ओलांडतात याचा अभ्यास करायचा होता. बसायला एका शिंप्याच्या दुकानाचा बाक मिळाला. शिंपी भला माणूस, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यानं पहिल्याच दिवशी मापं घेता घेता गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की हे सर चाल पाहून राहिले. चार दिवसांत सगळा चौक छाती काढून चालायला लागला. हात मागं बांधलेले, नजर समोर, चपलेचा आवाज नाही. एरवी हातगाडीला धक्का देत, शिव्या घालत, पळत रस्ता ओलांडणारी माणसं तिथे आली की पाहुण्यांसारखी वागत. मिठाईवाल्याची बायको निऱ्या सारख्या केल्याशिवाय पाऊल टाकीना. एक पेन्शनर आजोबा तर रोज पलीकडे जात, परत येत आणि बाकापाशी थांबून विचारत, "सर, मी कसा चाललो? पाहिलं नसन तं पुन्हा चालून दाखवतो नं!"

आम्हाला हे कळायला तीन आठवडे लागले. आम्ही अभ्यासात दंग होतो. नागपूरकर इतक्या शिस्तीनं रस्ता ओलांडतात, यावर सरांनी निबंधाची सुरुवातही केली होती.

कळल्यावर सरांनी निबंधाचे कागद बाजूला ठेवले. मग लाल पेन्सिल घेऊन बसले. एकेका कार्डाचा उजवा वरचा कोपरा लाल करायचा आणि खाली लिहायचं, 'बाद. चालणाऱ्याला ठाऊक होतं.' तेव्हापासून संग्रहाचा हा पक्का नियम झाला. ज्याला आपण पाहिले जातो आहोत हे ठाऊक आहे, त्याच्या चालीवरून काहीही ठरवायचं नाही.

मी म्हटलं, "मग फेकून द्या की सर. खोकी अडतात."

"फेकायचं नाही," सर म्हणाले. "ही लबाडी नव्हे. ही माणसं आपल्यासाठी चालून दाखवत होती. त्याचाही कोणी अभ्यास करेल पुढे."

"असा उद्योग कोण करणार, सर?"

सरांनी विचार केला. "आपणच," ते म्हणाले. मी कपाळावर हात मारला, आणि लाल कोपऱ्यांची कार्डं एका वेगळ्या खोक्यात गेली.

पुढे माझं लग्न झालं. नवरा कोराडीच्या वीज केंद्रात, राहायला तिथल्याच कॉलनीत. मी रोज बसनं सदरला येत राहिले. पुस्तकांवर केंद्राच्या कोळशाची राख, कपड्यांवर राख, आणि सर माझ्या पदरावर बोट फिरवल्यासारखं करून म्हणत, "आज वारा इकडचा होता वाटतं." वडिलांनी लग्नाच्या पत्रिका नको तितक्या छापल्या होत्या. उरलेला गठ्ठा अर्थातच सरांकडे गेला. त्यामुळे पुढची दोन वर्षं नागपूरच्या बसस्टँडवर जी जी माणसं थबकली, ती माझ्या लग्नाच्या मागं थबकली.

ऐंशीनंतर कधीतरी सर निवृत्त झाले, आणि मग कॉलेजचा कागद आला. मैदानामागची खोली महिन्याभरात रिकामी करायची होती. तिथे टेबल टेनिसचं टेबल बसणार होतं. संग्रहासाठी ग्रंथालय एक लोखंडी कपाट द्यायला तयार होतं. पाच फळ्या, एका फळीवर आठ खोकी, म्हणजे चाळीस. आमच्याकडे होती एकशे बारा. कुठली चाळीस ठेवायची ते सरांनी ठरवावं, यादी द्यावी, तिघांची समिती येऊन पाहील, आणि बाकीची रद्दीत जातील. यादी वेळेवर आली नाही तर सगळीच रद्दीत, असं खाली वेगळं लिहिलं होतं. ते वाक्य घालणाऱ्यानं सरांना चांगलं ओळखलं होतं.

पहिला आठवडा सर खोक्यांसमोर स्टूल टाकून बसले. एक उचलायचे, 'ठेवायचं' म्हणून डावीकडे ठेवायचे. दुसरं उचलायचे, आणि मग पहिल्यावर अन्याय होतो म्हणून तेही परत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी निवडीचे निकष काय असावेत यावर टिपण लिहायला घेतलं. तिसरा आठवडा संपत आला तेव्हा डाव्या बाजूला एकही खोकं नव्हतं आणि टिपण सतरा पानांचं झालं होतं.

मी चिडले. आपल्या गुरूवर इतकं चिडू नये, पण मी चिडले. "सर, तुमचं आयुष्य रद्दीवाल्याच्या तराजूत जाणार आहे, आणि तुम्ही निकष कसले लिहिता? कोणतीही चाळीस उचला!"

सर माझ्याकडे बघून अपराध्यासारखं हसले. "कोणतीही कशी उचलायची गं? सगळी माणसं आहेत आत." त्यांचे डोळे ओलावले होते. मला माझ्या तोंडाची लाज वाटली आणि ती लपवायला मी आणखीच जोरात खोकी झाडायला लागले.

त्या दिवशी कोराडीच्या बसमध्ये मला युक्ती सुचली, आणि ती इतकी सोपी होती की मी एकटीच हसले. सरांना विचारायचंच कशाला? त्यांचे पाय बघायचे.

बेत असा. सगळी खोकी व्हरांड्यात दोन्ही बाजूंना मांडायची. सरांना सांगायचं की नंबर नीट लागलेत का तेवढं फिरून बघा. मी पायरीवर बसून लेबलं लिहीत असल्यासारखं करायचं, आणि जिथे ते थबकतील त्या खोक्याचा नंबर टिपायचा. वडिलांच्या भाषेत, जिथे तंबाखू मळाले थांबतील तिथं त्यांचा जीव. फक्त सर सकाळी वेळेवर, हातात पुस्तक न घेता यायला हवे होते, आणि ते काम काकूंशिवाय कोणी करू शकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी काकूंना गाठून सगळं सांगितलं आणि शपथ घातली. काकू म्हणाल्या, "माह्या पोटातून शब्द बाहेर पडनार नाई. तू बिनघोर राह्य."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सर बरोबर दहाला आले. मी पायरीवर बसले होते. हाताशी कार्ड म्हणून माझ्याच लग्नाच्या गठ्ठ्यातली एक पत्रिका आली. सर व्हरांड्यातून निघाले. हात मागं बांधलेले, नजर नीट खोक्यांवर, पाऊल स्वच्छ. फरफट नाही, धडकणं नाही. मला वाटलं, संग्रहाला शेवटचा निरोप द्यायचा म्हणून माणूस कसा सावरून चालतो आहे. मला भरून आलं. मी खाली मान घालून टिपत राहिले.

पहिल्या फेरीत ते बसस्टँडच्या खोक्यांपाशी थबकले. सिनेमाच्या रांगांपाशी थबकले. सरांनी उसन्या कॅमेऱ्यानं लोकांच्या चालीची फिल्म काढली होती, तिच्यासाठी परदेशातल्या एका प्राध्यापकानं कौतुकाचं पत्र पाठवलं होतं; त्या फिल्मच्या खोक्यांपासून मात्र सरळ गेले. मला आश्चर्य वाटलं. दुसऱ्या फेरीत बागांच्या तीन खोक्यांपाशी आले, म्हणजे माझ्या. तिन्हींपाशी थबकले, आणि तिसऱ्यापाशी तर चष्मा काढून पुसला. मी ते तिन्ही नंबर जरा ठळकच लिहिले. लाल कोपऱ्यांच्या बाद कार्डांपाशीही थबकले. आणि एक नंबरपाशी, काकूंच्या खोक्यापाशी, तिन्ही फेऱ्यांत सरळ गेले.

फेऱ्या संपल्यावर मी नंबर मोजले. चाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. मी दहा-बारा वर्षं या विषयात घालवली होती, आणि मला फक्त आनंद झाला. संशय नावाची गोष्ट मनाला शिवली नाही.

एक नंबरसाठी मात्र जीव तुटत होता. ते सरांचं पहिलं काम. पण पाय सरळ गेले होते, तिन्ही वेळा, आणि पाय खोटं बोलत नाहीत. मी यादी केली, सरांपुढे ठेवली आणि म्हटलं, "सर, मी उचलली चाळीस. सही करा." सरांनी यादी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि एका दमात सही केली. त्यांना इतक्या झटपट सही करताना मी प्रथमच पाहिलं, आणि त्याचंही श्रेय स्वतःलाच घेतलं.

समिती आली. त्यातल्या एका गृहस्थांनी एक कार्ड उचललं, नेमकं उलट्या बाजूनं. चष्मा वर करून त्यांनी 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून वाचायला सुरुवात केली. दुसरं उचललं, तिसरं उचललं, आणि गंभीरपणे म्हणाले, "विदर्भातल्या विवाहांचा एवढा मोठा संग्रह माझ्या पाहण्यात नाही. हा ठेवलाच पाहिजे." सर काही बोलायला गेले. मी त्यांच्या पायावर पाय दिला. संग्रह ग्रंथालयात गेला.

बाकीची बहात्तर खोकी रद्दीवाला घेऊन गेला तेव्हा मी दुसरीकडे तोंड करून उभी होते. नंबर टिपलेलं ते कार्ड मी गुपचूप शेवटच्या खोक्यात, अगदी तळाशी ठेवून दिलं. सरांना त्यांच्याच हत्यारानं पकडलं याचा तो माझा पुरावा होता. तो मी कोणाला दाखवला नाही, पण मनात त्यावरून मिशीला पीळ देत राहिले. मिशी नसताना.

सर त्यानंतर रोज ग्रंथालयात जाऊन कपाटापाशी बसत. खोकी काढत, लावत, पुन्हा काढत. तीन वर्षांनी, एका हिवाळ्यात, झोपेतच गेले. काकू म्हणाल्या की आयुष्यात एवढं एकच काम त्यांनी विचार न करता केलं. म्हणताना त्या हसल्या, आणि मग आम्ही दोघी रडलो.

आणखी दोनेक वर्षांनी एका विद्यार्थिनीला तो संग्रह बघायचा होता, म्हणून ग्रंथपालांनी मला बोलावलं. ती बिचारी कार्डांकडे बघत होती आणि मी शेवटच्या खोक्यात हात घालून माझा पुरावा शोधत होते. तळाशी काही नव्हतं. सगळं खोकं उपसलं. नव्हतं.

ते सापडलं बाद कार्डांच्या खोक्यात. पेन्शनर आजोबांच्या आणि मिठाईवाल्याच्या बायकोच्या मधोमध. एका बाजूला माझं लग्न, दुसऱ्या बाजूला माझ्या अक्षरातले चाळीस नंबर. उजवा वरचा कोपरा लाल. खाली सरांचं बारीक अक्षर: 'बाद. चालणाऱ्याला ठाऊक होतं.'

मी तशीच उठले आणि काकूंकडे गेले. उन्हाचे दिवस होते. काकू ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. मी कार्ड पुढे धरलं आणि म्हटलं, "काकू, तुम्ही सांगितलं होतं सरांना."

काकूंनी कार्ड लांब धरून पाहिलं. "मंग काय करू? तू गेली, आन् हे विचाराले लागले, पोरगी काहून आली होती. मले खोटं बोलता येते काय? सांगून टाकलं. तं यायचा चेहरा असा फुलला म्हनते! त्या दिवशी रातभर यादी करत बसले. बारा वर्षं तुटकी चप्पल घालून हिंडला हा मानूस, दुसऱ्या दिवशी सकाळी आठाले जाऊन शिवून आनली. मंग अंगनात चालून पाहिलं. कुठं थांबाचं, किती थांबाचं. मले म्हने, तिले कळाले नोको, पोरीचा हिरमोड होईल."

मी खाली बसले. चप्पल! तो फरफट आवाज नव्हता, आणि मी, पायांच्या अभ्यासात मुरलेली, समजले की माणूस निरोप घेतो आहे.

"आणि एक नंबर?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, नेहमीसारखा. "तुमचं खोकं? ते का सोडलं त्यांनी? मी स्वतःच्या हातानं रद्दीत दिलं, काकू. सात वर्षांचं काम!"

काकूंनी एक शेंग सोलली, दाणे परडीत टाकले.

"यादी केली तं एकेचाळीस भरली. हे तसेच बसले कागद धरून. एक नंबर काढू का पोरीचं एखादं काढू. मले माहीत, आता पाहाट होते, तरी यायचं काई ठरत नाई. म्हटलं, पोरीचे तिनी राहू द्या. माह्या वांग्याचं काय एवढं? मी तं घरीच आहो."

मग त्यांनी ते कार्ड पदरानं पुसलं, माझ्या हातात परत दिलं आणि पोहे करू की उपमा, हे न विचारता आत गेल्या.